दसऱ्याचा काटा

चंद्रभाननं काट्याच्या चौथऱ्यावर धुतलेली वजनं मोजली. मणाची दोन, अर्ध्या मणाचं एक, पाच शेरांची दोन, शेराची चार, अर्ध्या शेराची दोन. एकूण अकरा. जुन्या धोतराच्या पांढऱ्या तुकड्यावर ती ओळीनं मांडून त्यानं हळदकुंकू वाहिलं. मागून त्याचे वडील नत्थुजी एकेका वजनावर झेंडूची ओंजळ ठेवत आले. फुलं इतकी होती की खालचं लोखंड दिसेना.

अमरावतीच्या कापूसबाजारात दसऱ्याला काट्याची पूजा व्हायची आणि मग हंगामाचा पहिला कापूस तोलला जायचा. नत्थुजी तीस वर्षं इथले मापारी. त्यांच्या काट्यावर आणखी एक रीत होती, ती दुसऱ्या कुणाकडे नव्हती. पहिल्या कापसाआधी एका पारड्यात बाप बसायचा, दुसऱ्यात लेक. चंद्रभान सहा वर्षांचा होता तेव्हा त्याच्या बाजूला मणभर वजन टाकावं लागलं होतं. पुढं दरवर्षी ते कमी होत गेलं. एकोणिसाव्या वर्षी काहीच टाकावं लागलं नाही, तेव्हा नत्थुजींनी बाजारभर रेवड्या वाटल्या. त्यानंतरचे तिन्ही दसरे काटा सरळ उभा राहिला होता.

परवा चंद्रभान विलायतेला निघणार होता. अमेरिकेत लढाई पेटल्यापासून वऱ्हाडच्या कापसाला असा भाव आला होता की लोक बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या घालू लागले होते. भावामागून भेसळही आली. लिव्हरपूलच्या एका व्यापाऱ्याला असा माणूस हवा होता, जो गठ्ठ्यातला पुंजका दोन्ही अंगठ्यांत ओढून तंतूची लांबी बघेल आणि कापूस खरा कुठला ते सांगेल. करार दोन वर्षांचा होता. अकोल्यापर्यंत बैलगाड्या, पुढं रेल्वे लागेपर्यंत गाड्याच, मग मुंबई, मग जहाज.

चौथऱ्याभोवती नऊ माणसं जमली होती. त्यांतल्या सात जणांना शंका होती.

"समुद्र ओलांडला का जात गेली, पोट्ट्या," खुशालराव म्हणाले. यंदा त्यांनी तिसरी गाडी घेतली होती. "मंग आमच्या पंगतीत कसा बसशीन?"

"काका, तुमचा कापूस तीन वर्षांपासून समुद्र ओलांडून राह्यला. त्याचंच कापड होऊन परत येते. तेच तर नेसून बसता तुमी पंगतीत."

माणसं हसली. खुशालरावांनी धोतराचा सोगा झटकला. "बोलाले हुशार हाये लेकाचा."

"अन् खाशीन काय थिकडं?" आत्या गंगूबाईंनी विचारलं.

"ज्वारीचं पीठ, डाळ, तिखट, समदं बांधलं. जहाजावर पाण्याचं पिंपही येगळं."

"पीठ चार महिन्यांत कडू होते."

"तं चार महिन्यांनी कडू भाकर खाईन, आत्या."

जयवंता गाडीवान सगळ्यांच्या मागं उभा होता. त्याला हसू आलं नव्हतं. "मले येक सांग. थिकडची लढाई थांबली अन् आपल्या कापसाले कोनी पुसलं नाई, तं तुले कोन पुसन?"

याचं उत्तर चंद्रभाननं तयार ठेवलं होतं. परतीच्या जहाजाचं भाडं करारात लिहिलेलं होतं. ते त्यानं सांगितलं. जयवंतानं मान हलवली. पटल्यासारखी नव्हे, ऐकल्यासारखी.

चंद्रभानची आई गोदाबाई आरतीचं ताट घेऊन आल्या. त्याच्या जाण्याबद्दल त्यांनी महिनाभर तोंडातून शब्द काढला नव्हता. पीठ त्यांनीच दळलं होतं, तिखट त्यांनीच कुटलं होतं. लेकाजवळ येऊन त्या हळूच म्हणाल्या,

"मले तुह्या जाण्याचं काई नाई रे. पन बापाकडे पाह्य जरासा. माणूस वाळून राह्यला."

चंद्रभाननं वळून पाहिलं. नत्थुजी फुलं सारखी करत होते. ऑक्टोबरचं ऊन चटकत होतं, तरी त्यांच्या अंगावर घोंगडी होती. पोळ्यापासून ते ती काढत नव्हते. गार वाटते, म्हणायचे.

"माय, अंदाजानं कायले बोलाचं?" तो म्हणाला. "काटा समोर हाये. बाबा कमी भरले तं मी जात नाई. झालं?"

हे त्यानं मोठ्यानं म्हटलं. सगळ्यांनी ऐकलं. नत्थुजींचा हात एका फुलावर थांबला, मग पुन्हा चालू लागला.

"आयकलं का, नत्थुजी?" खुशालराव ओरडले. "तुमीच अडवा आता पोराले! सकाळपासून जेवले नाई म्हना."

"मी काहून अडवू?" नत्थुजी म्हणाले. "जाऊ द्या त्याले."

मग पुन्हा शंका सुरू झाल्या. थंडीत तिकडं शाई दौतीत गोठते म्हणे. मेला तर जाळतात का पुरतात? लग्न कोण लावणार, गोरी आणली तर? चंद्रभान चौथऱ्याला पाठ करून एकेकाला उत्तर देत राहिला. त्याला हे जमत होतं. शंका मोजता आली की तिला उत्तर असतं, असं त्याला वाटत होतं.

"चाल," मागून नत्थुजी म्हणाले. "ऊन चढून राह्यलं."

चंद्रभान आपल्या पारड्यात बसला. नत्थुजी हळू आले. उजव्या हातानं त्यांनी साखळी धरली. डावा हात घोंगडीच्या आत पोटाशी होता. बसताना त्यांनी डोळे मिटले आणि बसल्यावर उघडले.

दोन्ही पारडी जमिनीवरून उचलली गेली. दांडी डावीकडे झुकली, उजवीकडे झुकली, पुन्हा थोडी डावीकडे. मग काटा सरळ उभा राहिला.

"सारखे!" जयवंता ओरडला.

गंगूबाईंनी कानशिलावर बोटं मोडली. खुशालरावांनी स्वतः रेवड्यांची परडी पुढं केली. गोदाबाईंनी ताट खाली ठेवलं आणि बराच वेळ नवऱ्याकडे पाहत राहिल्या.

नत्थुजी पारड्यातून उतरले, कापसाच्या ढिगाला टेकून बसले आणि घोंगडी त्यांनी मांडीवर नीट गोळा करून घेतली.

"तोला आता," खुशालराव म्हणाले. "पयला कापूस माहा."

चंद्रभान वजनं आणायला चौथऱ्याकडे गेला.

"ऱ्हाऊ दे," नत्थुजी म्हणाले. "मी काढतो. तू रेवड्या वाट."

पण ते उठले नाहीत. चंद्रभान वाकला आणि त्यानं फुलं बाजूला केली. फुलांचे ढीग अकराच होते. पाच ढिगांखाली लोखंड होतं. उरलेल्या सहांखाली पांढऱ्या कापडावर ओल्या कुंकवाची गोल कडी होती.

त्यानं दोनदा मोजलं. पाच शेरांचं एक नव्हतं. शेराची चारही नव्हती. अर्ध्या शेराचं एक नव्हतं.

साडेनऊ शेर.