सिलिंडरची चावी

सरावाच्या खोलीतल्या रबरी पेशंटला नर्सेस जावईबापू म्हणत. त्याने नुसतं पडून राहायचं आणि चौघींनी उचलून न्यायचं. त्याची छाती खालीवर होई, नाडी हाताला लागे, आणि काचेमागे बसलेल्या प्रशिक्षक बाईंनी बटण दाबलं की तो मरेसुद्धा.

आजचा सराव अत्यवस्थ पेशंटला अतिदक्षता विभागातून स्कॅनच्या खोलीपर्यंत नेण्याचा होता. नेणार होती चिमणी. चण लहान आणि तोंड अखंड चालू, म्हणून हे नाव. अठरा वर्षं हेच काम केलेल्या मोठ्या सिस्टर आज फक्त बघायला होत्या. बघणाऱ्यांनी मध्ये बोलायचं नाही, असा नियम होता.

"जावईबापू, रुसू नका हं. लगेच परत आणून सोडते," असं म्हणत चिमणीने खाटेवरच्या ऑक्सिजन सिलिंडरची चावी फिरवली. दाब दाखवणारी सुई सर्रकन हिरव्या पट्ट्यात गेली. "फुल्ल!" ती म्हणाली आणि गॅस वाया जाऊ नये म्हणून चावी परत बंद केली.

मोठ्या सिस्टर त्या बंद चावीकडे बघत राहिल्या. चावी बंद केली तरी तोटीत कोंडलेला थोडासा गॅस सुईला तिथेच धरून ठेवतो.

निघताना चिमणीने सुईकडे पाहिलं, चावी न उघडताच नळीकडचं प्रवाहाचं बटण फिरवून गॅस सोडला, फुसफुस ऐकली आणि खाट ढकलली. कोंडलेला गॅस काही सेकंदांत संपला. सुई खाली आली तेव्हा सगळ्यांचे डोळे जावईबापूंच्या तोंडातल्या नळीवर होते. जमिनीवर चिकटपट्टीने आखलेल्या लिफ्टमध्ये पोचेपर्यंत रक्तातला ऑक्सिजन ब्याऐंशी झाला, मग सत्तर. चिमणी श्वास देण्याचा फुगा दाबत राहिली, नळी पुन्हा पुन्हा तपासत राहिली. पडद्यावर सरळ रेघ आली.

आठ महिन्यांपूर्वी मोठ्या सिस्टर नेत असताना खऱ्या लिफ्टमध्ये चाळिशीतला एक माणूस असाच गेला होता. खाट बाहेर काढल्यावर मोठ्या सिस्टरांचा हात चावीकडे गेला, आणि चावी फिरली. आधीच पूर्ण उघडी असती तर फिरली नसती. त्यांनी ती तशीच उघडी सोडली. चौकशीची माणसं आली तोवर गॅस वाहून वाहून सिलिंडर खरोखरच रिकामा झाला होता.

"रिकामाच आणून दिला होता," त्यांनी सांगितलं. तो आणला होता वॉर्डातल्या मामांनी. मामांना काढून टाकलं. परवा रस्त्यात भेटले तेव्हा तेच म्हणाले, "सुई भरलेली दिसली होती हो, ताई. पण माझीच नजर फसली असणार. वय झालं."

सराव संपल्यावर सगळ्या गोल करून बसल्या. चिमणीचं नाक लाल झालं होतं.

"सिलिंडर रिकामा होता, बाई," ती म्हणाली. "अगदी नक्की."

"जा, चावी फिरवून बघ."

तिने फिरवली. सुई हिरव्या पट्ट्यात गेली. चिमणी तिथेच उभी राहिली.

"म्हणजे मीच..."

"आज रबराचा होता," बाई म्हणाल्या. "खऱ्या पेशंटच्या बाबतीत असं कुणाकडून झालंय? मोकळेपणी बोला. इथलं बोलणं इथेच राहतं. हवं तर कॅमेराही बंद करते."

बाई कॅमेऱ्याकडे वळल्या. इथेच राहील, म्हणजे आपली नोकरी राहील, मोठ्या सिस्टरांच्या मनात आलं. आणि मामा आपल्या डोळ्यांना दोष देत बसतील.

"राहू द्या तो चालू," मोठ्या सिस्टर म्हणाल्या.

"अहो सिस्टर, तुम्ही?" चिमणी डोळे पुसत म्हणाली. "तुमच्याकडून कसं होईल?"

"बस खाली."

मग चौकशीच्या फॉर्मवर लिहितात तशी त्यांनी आधी तारीख सांगितली, मग वेळ, मग स्वतःचं पूर्ण नाव.