धाकटीचा ग्लास

दारूच्या दुकानात आयुष्यात पहिल्यांदा पाय ठेवायचा, तोही पन्नाशी उलटल्यावर आणि एकटीने, हे धाकटीच्या अगदी जिवावर आलं होतं. आधी तिने समोरच्या औषधाच्या दुकानातून उगाचच खोकल्याच्या गोळ्या घेतल्या, एक तोंडात टाकली आणि मग रस्ता ओलांडला.

"कॉफीची गोड दारू असते ना, ती हवी होती," ती म्हणाली. "आणि व्होडका. छोटी बाटली."

दुकानदाराने मान वर न करताच विचारलं, "घरी पार्टी का?"

"हो. पाहुणे यायचेत."

पाहुणे कुणी यायचे नव्हते. त्या शनिवारी लॅबमधली वीज गेली, मालकांनी सगळ्यांना दुपारीच घरी सोडलं, आणि एवढा लख्ख रिकामा दिवस हातात पडल्यावर त्याचं करायचं काय हे तिला कळेना, एवढंच झालं होतं.

ती दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवायची. दवाखान्यांतून हिरड्यांचे ठसे यायचे, त्यात प्लास्टर ओतायचं, साचा घट्ट झाला की त्यावर मेणाच्या पट्टीत एकेक दात बसवायचा. दिवसभर तिच्यासमोर माणसांची तोंडं उघडी पडलेली असत, पण बोलणारं त्यातलं एकही नसे. लॅबमध्ये तिला सगळे मॅडम म्हणत. धाकटी म्हणायचा तो दादा, तिचा मोठा भाऊ. त्याचं ऐकून वहिनी म्हणायला लागली आणि शनिवारी जेवायला येणारे दादाचे दोघे मित्रही, एक शिंपी आणि एक वायरमन.

दादाची हयात प्रवासी जहाजावर बारमन म्हणून गेली. जमिनीवर कायमचा उतरला तेव्हा त्याने सोबत आणला तो फक्त पेयं हलवून मिसळायचा एक शेकर आणि शनिवारची सवय. जेवणं उरकली की तो खांद्यावर टॉवेल टाकून ओट्यापाशी उभा राहायचा आणि सगळ्यांसाठी चॉकलेटचं कॉकटेल करायचा. दाट, गार, वर थोडा फेस, ग्लासच्या कडेला कोको पावडर. गोडाचं पक्वान्न आणि दारू एकाच ग्लासात, म्हणजे भांडी कमी, असं तो म्हणायचा.

एरवी चार शब्द बोलायचे तर दोन गिळणारी धाकटी अर्ध्या ग्लासात खुलायची. दातांच्या डॉक्टरांच्या नकला करायची, जुनी गाणी म्हणायची, शिंप्याला तोंडावर सांगायची की तुमचे पुढचे दोन दात खोटे आहेत आणि ज्याने बसवले त्याला काम येत नाही. मग दादा जाहीर करायचा, "धाकटीला चढली." सगळे हसायचे, तीही हसायची. वहिनी हाताला धरून तिला बसमध्ये बसवून द्यायची.

गेल्या हिवाळ्यात दादा गेला. त्यानंतरचा एक शनिवार सोडून दिला, मग दुसरा, मग कुणी विषयच काढला नाही. वहिनीशी काही भांडण झालं नव्हतं. झालं असतं तर मिटवायला तरी कुणीतरी उठून गेलं असतं.

तर त्या दुपारी धाकटीने बाटल्या ओट्यावर मांडल्या. चॉकलेट गरम पाण्यावर वितळवलं आणि त्यात फ्रीजमधली गार व्होडका ओतली. डोळ्यांदेखत सगळं प्लास्टरसारखं गच्च बसलं. चमचा उभाच राहिला. दुसऱ्या खेपेला ती शहाणी झाली. आधी क्रीम कोमट केलं, त्यात चॉकलेट हळूहळू विरघळवलं, निवू दिलं, मग दारू, मग बर्फ. शेकर नव्हता म्हणून झाकणाचा स्टीलचा डबा घेतला आणि टॉवेलात गुंडाळून दादासारखा खांद्यावर नेऊन हलवला. झाकण सुटलं. भिंतीवर, टाइल्सवर, तिच्या चष्म्यावर चॉकलेटचे शिंतोडे उडाले. डब्यात जेमतेम एक ग्लासभर उरलं, ते तिने गाळणीने गाळलं, कोकोची कड लावलेल्या ग्लासात ओतलं आणि उभ्या उभ्याच घोट घेतला.

घशातून जळत काहीतरी खाली गेलं. तिला ठसका लागला.

प्रमाण चुकलं असेल म्हणून तिने पुन्हा केलं, दारू अर्धी घालून. तरी ती चव नाही. चॉकलेटच्या मागून कडवट, औषधासारखं काहीतरी यायचंच. शिवाय डोकं जड झालं होतं, कानशिलं तापली होती आणि गाणं म्हणावंसं तर मुळीच वाटत नव्हतं. तिने वहिनीला फोन लावला.

"वहिनी, मी बोलतेय. धाकटी."

"अगं, आज कशी आठवण झाली? बरी आहेस ना?"

"बरी आहे. दादाचं ते चॉकलेटचं करून बघतेय. जमत नाही. जळजळतं नुसतं. तो वेगळी कुठली दारू घालायचा का?"

पलीकडे टीव्हीचा आवाज बंद झाला.

"वहिनी?"

"तू प्यायलीस का ते?"

"दोन घोट. का?"

"अगं, तुझ्यात तो काहीच घालायचा नाही," वहिनी म्हणाली. "चॉकलेट, क्रीम, गार कॉफी. बस. तुझा ग्लास तो आधी भरून बाजूला ठेवायचा आणि मग आमच्यात दारू घालायचा. लहानपणी तुला फिट यायची ना, त्याने डोळ्यांनी पाहिलेली. त्याची भीती कधी गेलीच नाही बघ. तुला नाही म्हटलं असतं तर तू हिरमुसली असतीस, म्हणून."

"सगळ्यांना माहीत होतं?"

"हो गं. सगळ्यांना." धाकटी बरं म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

शाळकरी वयात येणाऱ्या त्या फिटा केव्हाच थांबल्या होत्या, गोळ्याही सुटल्या होत्या. ते सगळं ती विसरून गेली होती. तिला आता आठवत होतं ते भलतंच. ती नकला करत असताना वायरमन मान खाली घालून खांदे हलवायचा ते. एकदा शिंपी म्हणाला होता, "एवढ्याशात एवढी चढते, आम्हालाही तिच्याच ग्लासातली दे रे," आणि टेबलावर हशा पिकला होता. तीसुद्धा पोट धरून हसली होती. एवढी वर्षं चौघं शुद्धीत नसलेली आणि एकटी ती शुद्धीत, आणि खुळी ठरली ती. उरलेलं चॉकलेट तिने सिंकमध्ये ओतलं आणि भिंत पुसत बसली. टाइल्सच्या फटींतलं काही केल्या निघेना.

पुढचा आठवडा ती लॅबमध्ये मान वर न करता काम करत राहिली. वहिनीचे फोन आले, ते तिने घेतले नाहीत. रविवारी दुपारी दारावर टकटक झाली. दारात वहिनी उभी होती, जिना चढून धापा टाकत, हातात कापडी पिशवी.

"आत घेणार आहेस की इथूनच परत जाऊ?"

धाकटी बाजूला झाली. वहिनी बारीक झाली होती, कपडे अंगावर लोंबत होते. तिने पिशवीतून दादाचा शेकर काढून टेबलावर ठेवला.

"हसलो आम्ही तुला," खुर्चीत टेकत वहिनी म्हणाली. "खोटं कशाला बोलू? पण पहिले काही दिवस. नंतर आम्हालाच कळेना. तू खरंच झिंगायचीस. मी एकदा तुझा ग्लास चाखूनसुद्धा पाहिला, चुकून तुझ्या दादानेच घातली की काय म्हणून. हा म्हणायचा, राहू दे, तिला आवडतंय ना. मी तुला बसमध्ये बसवून आले की तू घरी पोचल्याचा फोन येईपर्यंत हा गॅलरीत उभा."

धाकटीने पाण्याचा ग्लास तिच्यापुढे ठेवला. ती म्हणाली, "तुमच्याकडे मला बरं वाटायचं, वहिनी. तेवढंच असेल."

"असेल."

"मग नंतर बोलावलं का नाहीत?"

वहिनीने टेबलावरचा शेकर जरा पुढे सरकवला, जरा मागे घेतला. "हसताना तू अगदी त्याच्यासारखी दिसतेस. मला सोसलं नसतं."

आपला आणि दादाचा जबडा एकाच घडणीचा, वरचे दोन दात किंचित एकमेकांवर चढलेले, हे धाकटीपेक्षा चांगलं कुणाला ठाऊक असणार?

बाटल्या होत्याच. वहिनीने दोन ग्लास केले, एक दारूचा आणि एक बिनदारूचा. "डॉक्टरांना विचार आधी, मग तुझ्यातही घालेन," ती म्हणाली. धाकटीने घोट घेतला. तीच चव होती, तंतोतंत. ती वाट बघत राहिली, पण डोक्यात काही हललं नाही. चॉकलेट आणि कॉफी प्यायल्यासारखं वाटलं, कारण ते तेच होतं. वहिनी मात्र दुसऱ्या ग्लासानंतर रडली, आणि मग खुर्चीतच तिचा डोळा लागला. धाकटीने पंखा बारीक केला.

संध्याकाळी बसस्टॉपवर वहिनीने सांगितलं की ती तिच्या बहिणीकडे राहायला जाणार आहे, गाडीने एका दिवसाच्या अंतरावर. घर विकायला काढलंय. एकटीला खायला उठतं. "तुला फोनवर सांगणार होते," ती म्हणाली, "पण तू उचलशील तर ना."

या वेळी धाकटीने वहिनीला हाताला धरून बसमध्ये चढवलं.

वहिनी गेली. शनिवारी तिचा फोन येतो. बहिणीच्या गुडघ्यांचं, तिथल्या थंडीचं बोलणं होतं, मग दोघी फोन ठेवतात. डॉक्टरांनी धाकटीला सांगितलं, अधूनमधून थोडी घेतली तर हरकत नाही. तिने घेतली नाही. व्होडकाची बाटली तिने शेजारच्या बिऱ्हाडाला देऊन टाकली. ते तिच्याकडे जरा वेगळ्याच नजरेने बघायला लागले, आणि तिने खुलासा केला नाही. शेकर मात्र वापरात आहे. एका ग्लासापुरतंच चॉकलेट ती वितळवते, क्रीम घालते, गार कॉफी घालते, बर्फ टाकून हलवते. झाकण नीट बसतं आता. खिडकीपाशी बसून ती ते सावकाश पिते आणि लगेच शेकर धुऊन टाकते, कारण चॉकलेट वाळलं की निघता निघत नाही.