हात कोणी सोडला

मी चिडका माणूस आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. घरात सगळ्यांना ते माहीत आहे आणि माझी आई तर गावाकडून, पारशिवनीहून, कोणी आलं की कौतुकानं सांगते, "आमचा रवींद्र जन्मला तवाच कपाळावर आठी होती." बायको, नंदिनी, असं काही बोलत नाही. ती फक्त माझ्याकडे बघते आणि मुलांना दुसऱ्या खोलीत घेऊन जाते.

मी जमीन मोजणीचं काम करतो. शेताचे प्लॉट पाडायचे ठरले की तिथे जायचं, रस्ते आखायचे, चुन्याच्या रेघा मारायच्या, कोपऱ्याकोपऱ्यात दगड गाडायचे. शहराच्या टोकाला, हुडकेश्वरला, आमच्या घरामागे जी ले-आउटं पसरली आहेत, त्यातली दोन माझ्याच हातची. डोळे बांधून सोडलं तरी मी तिथून घरी येईन. पण साडेपाच वर्षांच्या पोरीला तिथला प्रत्येक रस्ता सारखाच दिसतो, हे मला तेव्हा सुचलं नाही.

रविवारी सकाळी माझ्या दोन्ही मुलांना, रितिका आणि गोलूला, घेऊन त्या बाजूला फिरायला जायचं हा माझा नेम. नंदिनीला आठवड्यातून एक सकाळ शांत मिळावी म्हणून तो सुरू झाला, पण खरं सांगायचं तर मलाही तो आवडायचा. रिकाम्या प्लॉटांवर कमरेएवढं गवत, मध्येच कुणाचं तरी अर्धं बांधलेलं घर, टिटवीच्या अंड्यांजवळ गेलो की तिचा आरडाओरडा. गोलू अडीच वर्षांचा, तो बहुतेक माझ्या खांद्यावर. रितिका पायी. आणि रितिका पायी म्हणजे अर्ध्या किलोमीटरला एक तास. तिला गिट्टीचा प्रत्येक खडा उचलून पाहायचा असतो. गोगलगाय दिसली तर ती रस्ता ओलांडेपर्यंत थांबायचं असतं.

अशा वेळी मी एक उपाय करायचो. तो काही माझा शोध नाही, आईनं माझ्यावर बाजारात कितीदा केलेला. "तुले नाही यायचं तर राह इथंच. आम्ही चाललो." असं म्हणायचं आणि खरंच चालू लागायचं. वीस पावलं झाली की मागून पळत येणाऱ्या चपलांचा आवाज यायचा. तीन-चारदा हा उपाय लागू पडला होता.

जानेवारीतल्या त्या रविवारी लागू पडला नाही. थंडी होती, बोरांचे दिवस होते, आणि एका कोपऱ्यातल्या बोरीखाली रितिका बसून राहिली होती. मला दहा वाजता सावनेरला एका कामावर पोचायचं होतं. चारदा हाक मारली. पाचव्यांदा मी आवाज चढवला आणि तिचा हात धरून उठवलं. ती पुन्हा खाली बसली. मग मी तिचा हात सोडला आणि म्हणालो, "राह मंग इथंच. आम्ही चाललो."

"बरं," ती म्हणाली, आणि बोर पुसायला लागली.

मी गोलूला घेऊन वळणापलीकडे गेलो आणि एका बांधकामाच्या भिंतीआड उभा राहिलो. आता येईल, मग येईल. तेवढ्यात सावनेरहून फोन आला. तिथल्या मालकाचं बांधावरून शेजाऱ्याशी वाजलं होतं आणि तो मला सगळी हकीकत पहिल्यापासून सांगत होता. सात-आठ मिनिटं गेली असतील. फोन ठेवून मी परत वळणावर आलो तर बोरीखाली कुणी नव्हतं.

पुढची चाळीस मिनिटं मी लिहिणार नाही, मला ती अजून आठववतही नाहीत. गोलूला कडेवर घेऊन मी माझ्याच आखलेल्या रस्त्यांवरून धावत होतो. प्रत्येक चौकातून चार रस्ते फुटत होते. मीच ते तसे आखले होते. शेवटी पार पलीकडच्या ले-आउटमध्ये एका बांधकामावरच्या चौकीदाराच्या बायकोनं हात करून बोलावलं. रितिका तिथे रेतीच्या ढिगावर बसली होती, हातात पाण्याचा पेला. ती मला शोधत निघाली होती आणि चुकीच्या रस्त्यानं गेली होती. मला पाहून ती रडली नाही. उठली आणि फ्रॉकची रेती झटकली.

घरी सगळ्यांना कळणारच होतं, गोलूनंच दारातून "ताई नाई, ताई नाई" सुरू केलं. नंदिनी बाहेर आली. "काय झालं?" तिनं विचारलं. आणि मी, चाळीस वर्षांचा माणूस, बोलून गेलो, "काय सांगू. कुत्र्याचं पिल्लू दिसलं अन् ही हात सोडून पळाली."

पिल्लू कुठून आलं मला माहीत नाही. नुसतं पळाली म्हटलं असतं तर नंदिनीनं पुढचं विचारलं असतं. महिन्याभरापूर्वीच ती म्हणाली होती, "तुम्ही चिडता, दोघांना एकट्यानं नेत जाऊ नका." तिचं खरं ठरू नये म्हणून मी ते पिल्लू आणलं.

नंदिनीनं रितिकाच्या पाठीत एक धपाटा घातला आणि लगेच तिला पोटाशी धरून स्वतःच रडली. आईनं मीठ-मिरच्या ओवाळून नजर काढली. "पोरीची जात अन् असं पळते काय वं?" ती म्हणाली. रितिका माझ्याकडे बघत होती. रागानं नाही. आता बाबा काहीतरी सांगतील, अशा नजरेनं. मी सावनेरला उशीर झाला म्हणून निघून गेलो.

त्या रात्री जेवताना तिनं सुरुवात केली होती. "आजी, बाबा न, पुढे गेले होते अन्..." मी म्हणालो, "जेव आधी. ताटात लक्ष दे." तिनं ताटात लक्ष दिलं. पुन्हा तिनं तो विषय काढला नाही, आणि मला हायसं वाटलं. हे वाटलं याची मला आज सगळ्यात जास्त लाज आहे.

तेव्हापासून घरात नवा नियम झाला. बाहेर पडताना नंदिनीच्या जुन्या ओढणीचं एक टोक रितिकाच्या मनगटाला आणि दुसरं मोठ्या माणसाच्या हाताला. भाजीला जाताना, दवाखान्यात जाताना, रविवारी माझ्यासोबत फिरायला जातानाही. शेजारी विचारायचे, मग आई कुत्र्याच्या पिल्लाची गोष्ट सांगायची. ती सांगताना रितिका बाजूलाच उभी असायची. मी दर वेळी ठरवायचो की आज घरी गेल्यावर नंदिनीला खरं सांगून टाकू. मग वाटायचं, पोरगी विसरली असेल, कशाला उकरून काढायचं. असे सात महिने गेले.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. मोठ्यांच्या बैलांचा पोळा झाला की हा लहान मुलांचा. चाकाचे लाकडी नंदी सजवून पोरं घरोघर नेतात, बाया नंदीला कुंकू लावून ओवाळतात आणि पोरांच्या हातावर बोजारा ठेवतात, म्हणजे चॉकलेट, बिस्किटाचा पुडा, जे काय असेल ते. या वर्षी रितिकाला पहिल्यांदा स्वतःचा नंदी आणला होता. आईनं त्याला बेगड लावली, पाठीवर झूल घातली. रितिकाला लुगडं नेसवलं, गोलूला फेटा बांधला. नंदिनीनं कामावरून सुट्टी काढली होती. आम्ही सगळे मिळून निघणार होतो.

ओट्यावर आल्यावर रितिकानं एका हातात नंदीची दोरी घेतली आणि दुसरा हात माझ्या आईपुढे धरला. मनगट वर करून.

"आजी, बांधून दे," ती म्हणाली.

"आज राहू दे न वं," आई म्हणाली. "सणाचा दिवस हाये. लुगड्यावर ओढणी कुठं बांधतं."

"नाही, बांध. नाही तर मी पळून जाईन."

समोरच्या घरचे महादेवराव झाडांना पाणी घालत होते. ते दोन महिन्यांपूर्वीच इथे राहायला आले, त्यामुळे ती गोष्ट त्यांच्यापर्यंत पोचली नव्हती. ते हसून म्हणाले, "काहून वं बाई, तू काहून पळशील?"

"मले सवयच आहे, आबा," रितिका म्हणाली. मोठ्या माणसासारखी, समजावून सांगत. "थंडीमध्ये मी बाबांचा हात सोडून पळाली होती. एक कुत्र्याचं पिल्लू होतं. काळं होतं, त्याचा एक कान पांढरा होता. मी त्याच्या मागं मागं गेली अन् हरवून गेली. मंग बाबांनी शोधलं मले."

ती खोटं बोलत नव्हती. तेच मला सहन झालं नाही. तिच्या डोळ्यांपुढे ते पिल्लू उभं होतं, पांढऱ्या कानासकट. बोरीखाली बसलेली ती शहाणी पोरगी, जी कुठंही पळाली नव्हती, जी उलट मला शोधायला निघाली होती, ती तिच्याच डोक्यातून निघून गेली होती आणि तिच्या जागी मी बनवलेली एक वांड पोरगी येऊन बसली होती. आता ही जन्मभर स्वतःला अशीच समजणार. स्वतःहून हात पुढे करून म्हणणार, मला बांधा.

"पिल्लू नव्हतं," मी म्हणालो.

नंदिनीनं वळून पाहिलं. "काय नव्हतं?"

"पिल्लू. कुठलंच पिल्लू नव्हतं." तेवढ्यावर थांबलो असतो तर पुन्हा सुरू करता आलं नसतं, म्हणून मी सगळं सांगून टाकलं. ती बोरं वेचत होती, मला घाई होती, मी चिडलो, तिला तिथेच सोडून भिंतीआड गेलो, फोनवर बोलत राहिलो. महादेवराव नळ बंद करून घरात गेले, बिचारे. आई ओट्यावर बसली. "मी बी तुले तसंच करत होती गा," ती हळूच म्हणाली, पण तेवढ्यानं माझी चूक काही कमी होणार नव्हती. नंदिनीनं रितिकाच्या पाठीवरून हात फिरवला. मग म्हणाली, "मी तिले मारलं होतं, रवींद्र." एवढंच. लग्नाला नऊ वर्षं झाली, पण त्याआधी तिनं मला कधी नावानं हाक मारल्याचं आठवत नाही.

मी रितिकापुढे उकिडवा बसलो. ती कपाळाला आठ्या घालून विचार करत होती. त्या आठ्या माझ्याच.

"मंग मी हात नव्हता सोडला?" तिनं विचारलं.

"नाही. मी सोडला होता."

"अन् पिल्लू?"

"ते मी मनानंच सांगितलं. चुकलं माझं. लय मोठी चूक झाली, बेटा."

"पण त्याचा कान पांढरा होता," ती म्हणाली, आणि आता तिचे डोळे भरून आले. हरवली तेव्हा न रडलेली पोरगी त्या नसलेल्या पिल्लासाठी ओट्यावर उभी राहून रडली. मी तिला जवळ घ्यायला गेलो तर ती आजीकडे गेली. बरोबरच होतं ते.

पण सण तर होता, आणि नंदी सजून उभा होता. डोळे पुसून रितिकानं दोरी उचलली. ओढणी कुणीच आणली नाही. पहिल्याच दारात सिंधूताईंनी नंदीला कुंकू लावलं आणि नेहमीसारखं विचारलं, "काय वं, आता हात सोडून पळत नाही न?"

"मी पळालीच नव्हती," रितिका म्हणाली. "बाबांनीच हात सोडला होता अन् लपून बसले होते. अन् पिल्लू पण नव्हतं. हो न, बाबा?"

सिंधूताईंच्या हातातलं ताट तसंच राहिलं. नंदिनी माझ्याकडे बघत होती.

"हो," मी म्हणालो.

दुसऱ्या दारात तिनं कुणी विचारायच्या आधीच सांगितलं. तिसऱ्यातही. आमच्या ओळीत अकरा घरं आहेत. प्रत्येक घरी नंदीला ओवाळून झालं, बोजारा पिशवीत पडला की ती तेच सांगायची आणि शेवटी वळून विचारायची, "हो न, बाबा?" आणि मी चपला काढून, हात जोडून म्हणायचो, "हो." काही जण हसले. एका म्हाताऱ्यानं मान फिरवली. पाचव्या-सहाव्या घरानंतर मला घाम यायचा थांबला.

परतताना तिनं माझा हात धरला नाही. "मी एकटी चालतो," ती म्हणाली. "तुम्ही मागं राहा." ती पुढे नंदी ओढत चालली, मी गोलूला घेऊन मागे. दर आठ-दहा पावलांनी ती मान वळवून पाहायची, मी आहे की नाही. तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं की जानेवारीपासून दर रविवारी ती असंच वळून पाहत आली होती, ओढणी बांधलेली असतानाही, आणि दर वेळी मी तिला रागावलो होतो, समोर पाहून चाल म्हणून.

त्या दिवशी मी रागावलो नाही. ती वळली की मी हात वर करायचो. घर येईपर्यंत तेच करत राहिलो.