अस्वलाचे तारे

जावयाने फोन सिस्टरबाईंच्या नाकासमोर धरला. "बघा आई, शंभर टक्के! महिनाभरात तुमच्या नातीची एक गोळी चुकली नाही." पडद्यावर गोळ्यांची नोंद ठेवणाऱ्या ॲपमधलं एक गुबगुबीत अस्वल टाळ्या पिटत होतं.

सिस्टरबाईंनी मुलांच्या वॉर्डात चौतीस वर्षं काढली होती. अस्वलांचं त्यांना कौतुक नव्हतं.

"मग काल शाळेत तिला फीट कशी आली? दोन वर्षांनी?"

"म्हणूनच म्हणतो, गोळी पुरत नाहीये. आज डॉक्टरांना डोस वाढवायला सांगतो. हा आलेख दाखवला की झालं."

आलेख! सात वर्षांची पोर, आधीच गोळीने पेंगुळलेली. आणि हा शहाणा तिला आणखी गुंगीत ढकलणार. सिस्टरबाईंना त्यांच्या मेट्रनबाई आठवल्या. गोळी दिली की कमरेवर हात ठेवून पोरापुढे उभ्या. 'जीभ वर. जीभ बाहेर. आता पळ.' त्यांना कधी चार्जिंग लागलं नाही.

त्या नातीजवळ जाऊन बसल्या. "काय गं चिमणे, अस्वल तारे कधी देतं?"

"बटण दाबलं की! दहा म्हणायच्या आत दाबलं तर दोन देतं."

"आणि गोळी?"

"गोळीला पाणी आणावं लागतं ना. तोवर दहा होऊन जातात." आजीला एवढंही कळू नये, अशा सुरात नात म्हणाली. "म्हणून आधी बटण. गोळी मग."

"मग म्हणजे कधी?"

पोरीने खडूंची पेटी पुढे केली. खडूंखाली गोळ्या होत्या, निळ्या-हिरव्या रंगाने माखलेल्या. अकरा.

सिस्टरबाईंनी पेटी जावयासमोर टेबलावर उपडी केली. "घ्या जावईबापू, हा माझा आलेख. डॉक्टरांना दोन्ही दाखवा. कोणाचा डोस वाढवायचा ते त्यांना कळेल."

"पण ॲपमध्ये तर..."

"ॲपमध्ये! टाळ्या तुम्ही ऐकत बसलात. पोरीच्या तोंडाकडे कोणी बघितलं?"

डॉक्टरांनी डोस वाढवला नाही. संध्याकाळी सिस्टरबाई पाण्याचा पेला देऊन, कमरेवर हात ठेवून नातीपुढे उभ्या राहिल्या. गोळी गेली.

"जीभ वर. जीभ बाहेर."

"आजी, याचे तारे किती?"

"एकही नाही."

नातीने क्षणभर विचार केला आणि जीभ आणखी लांब काढून दाखवली.

बाहेरच्या खोलीत जावयाने सवयीने बटण दाबलं असावं. तिथे त्याच्याशिवाय कोणी नव्हतं, तरी अस्वल टाळ्या पिटत होतं.