दुसरी खाण

अवधूत टिपणीस तसा भांडखोर माणूस नव्हता. बसमध्ये कुणी त्याच्या पायावर पाय दिला तर सॉरी तोच म्हणायचा. ऑफिसात त्याच्या खुर्चीवर दुसरा कुणी बसला तर हा उभ्याउभ्याच काम उरकायचा. अशा माणसाने आयुष्यात एकच लढा उभारला आणि तोही एका कॉम्प्युटर गेमपायी. हे कळलं तेव्हा त्याच्या वडिलांनी, म्हणजे अप्पांनी, पेपरची घडी घातली आणि 'बरं' एवढंच म्हटलं. छत्तीस वर्षांच्या मुलाला याहून जास्त काय म्हणणार?

त्या गेमचं खरं नाव इंग्रजी होतं आणि लांबलचक होतं. अवधूत आणि त्याचा मित्र सम्यक त्याला नुसतं 'खाण' म्हणायचे. बंद पडलेल्या एका खाणीत दोन माणसं उतरतात. एकाच्या हातात कंदील, दुसऱ्याच्या हातात दोर. कंदीलवाल्याला दिसतं पण चढता येत नाही, दोरवाल्याला चढता येतं पण दिसत नाही. एकट्यादुकट्याचं तिथे काम नाही. दुसरा खेळाडू येईपर्यंत खाणीचं दारसुद्धा उघडत नाही. अवधूत नेहमी कंदील घ्यायचा आणि सम्यक दोर.

दोघांची ओळख माटुंग्याच्या कॉलेजातली. त्या काळी सम्यक नायगावच्या बीडीडी चाळीत राहायचा. एकशेसाठ फुटांची ती खोली, त्यात पाच माणसं, आणि कोपऱ्यात एक जुना कॉम्प्युटर. कॉम्प्युटर एकच, त्यामुळे हे दोघे एकाच खुर्चीवर अर्धे अर्धे बसायचे. कीबोर्ड एकाकडे, माऊस दुसऱ्याकडे. सम्यकची आई बकुळामावशी चहाचे कप ठेवायला जागा शोधायची आणि शेवटी खिडकीच्या गजापाशी ठेवायची. अवधूतच्या दादरच्या घरात स्वतःची वेगळी खोली होती, दाराला कडी होती आणि चांगला कॉम्प्युटर होता. पण तिथे त्याला कधी मजा आली नाही.

पुढे चाळ पुनर्विकासाला गेली. सम्यकचं घर शिवडीला भाड्याच्या जागेत हललं. मग खेळ इंटरनेटवरून सुरू झाला. दर रविवारी सकाळी दहा वाजता, कानाला हेडफोन लावून, तीन तास. अवधूतच्या आठवड्यात सोमवार ते शनिवार सहा दिवस यायचे ते केवळ रविवार लवकर येता येत नाही म्हणून. तसं त्याला दुसरं कुणी नव्हतं. ऑफिसातली माणसं ऑफिसात संपायची. अप्पा बोलायचे, पण बातम्यांशी. स्थळं येणं कधीच थांबलं होतं, आणि ती थांबल्याचं दुःख नक्की कुणी करायचं हेही घरात ठरलं नव्हतं.

मग एके दिवशी 'खाणी'चा दुसरा भाग येणार अशी बातमी आली आणि पाठोपाठ दुसरी बातमी आली.

आता हे जरा समजावून सांगायला हवं. हे गेम आता डब्यात मिळत नाहीत. इंटरनेटवर त्यांची दुकानं असतात. तिथे गेम विकत घ्यायचा आणि त्याच दुकानाच्या कपाटात ठेवायचा. अवधूत आणि सम्यकचं जुनं दुकान ठरलेलं होतं. त्यांचे बारा वर्षांचे सगळे गेम तिथे होते, मित्रांची यादी तिथे होती, लोक एकमेकांना प्रश्न विचारायचे तो कट्टा तिथे होता. त्या कट्ट्यावर अवधूतला मान होता. कुणी कुठे अडकलं की त्याचं उत्तर यायचं. तर 'खाण' बनवणाऱ्या कंपनीने एका नव्या दुकानाकडून भरपूर पैसे घेतले आणि करार केला, की दुसरी खाण पहिलं वर्षभर फक्त त्या नव्या दुकानात मिळेल. त्या दुकानात कट्टा नव्हता, गिऱ्हाइकांची मतं नव्हती, धड शोधायची सोयसुद्धा नव्हती.

अवधूत पेटला. लालबागला उद्या कुणी पैसे मोजून ठरवलं, की संकेश्वरी मिरची वर्षभर एकाच गाळ्यात मिळेल, बाकीच्यांनी गप्प बसायचं, तर चालेल का? आपलं दुकान चांगलं करायचं नाही, आणि दुसऱ्याच्या दुकानातला माल उचलून न्यायचा. उद्या हे दुकान बंद पडलं तर आपल्या गेमचं काय? त्याने कट्ट्यावर तीन पानी निवेदन लिहिलं. चारशे लोकांनी त्याला पसंतीचा अंगठा दिला. मी वर्षभर थांबेन पण त्या दुकानाची पायरी चढणार नाही, असं त्याने शेवटी लिहिलं होतं. त्याचं सगळं म्हणणं रास्त होतं. अप्पांनी मात्र विचारलं, की चार पावलं जास्त चालून त्या दुसऱ्या दुकानातून आणायला तुला काय धाड भरली आहे?

रविवारी त्याने सम्यकला विचारलं. सम्यक म्हणाला, "चालेल ना. थांबू. वर्ष काय, असं निघून जाईल."

आणि ते दोघे थांबले.

थांबणं सोपं नव्हतं. जगाने दुसरी खाण खेळायला घेतली होती आणि जगाच्या पोटात काही राहत नाही. अवधूतने कट्ट्यावर जाणं बंद केलं, कारण चारशे अंगठेवाल्यांपैकी बहुतेक जण दोन महिन्यांत गुपचूप नव्या दुकानात जाऊन आले होते आणि शेवट सांगत सुटले होते. फोर्टच्या त्याच्या विमा कंपनीत शंतनु नावाचा एक नवा मुलगा लागला होता. तो एकदा कॅन्टीनमध्ये दुसऱ्या खाणीबद्दल बोलायला लागला तेव्हा अवधूत भरलेला कप घेऊन उठला आणि जिन्यात जाऊन चहा प्याला. पुढे रोजच जिन्यात प्यायला लागला, उगाच धोका नको म्हणून. पण या सगळ्यात त्याला एक सुख होतं. आपण दोघं थांबलो आहोत, असं तो मनाशी म्हणायचा. त्यातला 'दोघं' हा शब्द त्याला पुरायचा.

चौथ्या महिन्यात सम्यकचं लग्न झालं. मुलगी बदलापूरची होती, नम्रता नावाची. घरच्यांनी ठरवलेलं लग्न. नायगावातल्याच एका हॉलमध्ये सगळे पांढऱ्या कपड्यांत जमले होते, आणि अवधूतही नवा पांढरा सदरा घालून सकाळपासून पाहुण्यांना पाणी देत फिरत होता. त्यानंतर रविवार विरळ होत गेले. एकदा तिच्या माहेरी जायचं होतं, एकदा पडदे आणायचे होते, एकदा नुसतंच 'आज नको रे' होतं. अवधूतने मनाला लावून घेतलं नाही. नवं लग्न आहे, असं चालायचंच. शिवाय जुनी खाण आता पाठ झाली होती, तिच्यात किती वेळा उतरणार? दुसरी खाण आली की रविवार परत येतील. हे त्याने इतक्या वेळा घोकलं, की ते कुणीतरी आपल्याला कबूल केलंय असंच त्याला वाटायला लागलं.

वर्ष भरलं. दुसरी खाण जुन्या दुकानात गुरुवारी आली. अवधूतने त्याच मिनिटाला दोन घेतल्या, एक स्वतःला आणि एक सम्यकला भेट. बरोबर लिहिलं, 'थांबल्याबद्दल.' सम्यकचं उत्तर यायला दुपार उलटली. 'अरे कशाला. थँक्स भाई. रविवारी भेटू,' असं होतं. अवधूतने गुरुवार, शुक्रवार, शनिवार तो गेम उघडलासुद्धा नाही. उघडून करणार तरी काय, एकट्याला दार उघडतच नव्हतं.

रविवारी पावणेदहालाच तो हेडफोन लावून बसला. दहा वाजता सम्यकचा आवाज आला आणि तो आवाज ऐकून अवधूतला खरोखर बरं वाटलं. खाणीचं दार उघडलं. एकाने कंदील घेतला, दुसऱ्याने दोर.

पहिला अर्धा तास झकास गेला. फक्त सम्यक जरा जास्तच 'अरे बापरे, हे काय' म्हणत होता. एरवी तो खेळताना फारसा बोलायचा नाही. पुढे एक कुजका लाकडी पूल आला. अवधूत कंदील उंच करून त्यावर पाय ठेवणार, एवढ्यात सम्यकने दोर आखडून त्याला मागे ओढलं. दुसऱ्या क्षणाला पूल कोसळला. वाटलं तसं, असं सम्यक म्हणाला. अवधूतला मित्राच्या नजरेचं कौतुक वाटलं, आणि पुढे जाता जाता हेही आठवलं, की दोरवाल्याला दिसत नाही.

मग ते एका विहिरीसारख्या खड्ड्यापाशी आले. वर रहाट, त्याला साखळी, साखळीचं टोक खाली काळोखात. अवधूतने रहाटाला हात लावला. नुसता हात लावला होता, अजून एक फेरासुद्धा झाला नव्हता, आणि हेडफोनमध्ये, सम्यकच्या मागे कुठेतरी, नम्रता खुदकन हसली.

अवधूत रहाट फिरवत राहिला. साखळी कुरकुरत वर येत होती. बराच वेळ लागला. शेवटी बादली वर आली, आणि तिच्यात डोक्यावर खाणकामगाराचं हेल्मेट घातलेली एक बकरी गंभीर चेहऱ्याने बसलेली होती. ती खरोखरच हसण्यासारखी होती, पण कोणी हसलं नाही.

सम्यकच्या मागे स्वयंपाकघरातली भांडी वाजायची थांबली. खाणीत पाणी ठिबकल्याचा आवाज तेवढा येत होता.

गेम आधीच घेतलास का, हा प्रश्न अवधूतला पडलाच नाही. त्याला पडला तो दुसराच. "कोणाबरोबर खेळलास?" त्याने विचारलं.

"नम्रताबरोबर," सम्यक म्हणाला.

मग त्याने सगळं सांगितलं. लग्नाआधी दोघं तीनदाच भेटली होती. लग्नानंतर संध्याकाळी घरी आल्यावर काय बोलायचं ते दोघांनाही कळत नव्हतं. ती शिवडीत कुणाला ओळखत नव्हती. जेवण झालं की दोन भिंतींकडे दोघांची तोंडं. एकदा तिने विचारलं, की तुम्ही रविवारी त्या मित्राशी इतकं काय बोलता, मला पण दाखवा. मग त्याने नव्या दुकानातून दुसरी खाण घेतली. खेळता खेळता ती त्याला ओरडायला लागली, तो तिला ओरडायला लागला, आणि मग बोलणं सुरू झालं ते झालंच. तुला सांगणार होतो, असं तो दोनदा म्हणाला.

"जुनीच खाण दाखवायची होतीस ना तिला," अवधूत म्हणाला. "ती तर आपल्याकडे होतीच."

"ती कशी दाखवणार? ती आपली होती ना रे."

तू तिला रोज भेटत होतास आणि मी वर्षभर एकटाच थांबलो होतो, असं अवधूतला म्हणायचं होतं. मी जिन्यात चहा पीत होतो, असंही म्हणायचं होतं. पण नव्या नवऱ्याला असं म्हणायला कुठल्या मित्राचं तोंड उघडेल? मग त्याने जे म्हणता येण्यासारखं होतं ते म्हटलं.

"म्हणजे तू त्यांच्या दुकानातून घेतलास."

"हो."

आणि अवधूत सुरू झाला. हे दुकानवाले असेच माजतात, आपल्यासारखे लोक फुटतात म्हणूनच यांचं फावतं. आज एक वर्ष म्हणतात, उद्या दोन म्हणतील, परवा कायमचंच करतील. अर्धे गेम इकडे, अर्धे तिकडे, मित्र तिसरीकडे, माणसाने जायचं कुठे? तीन पानी निवेदनातला शब्द न् शब्द त्याने पुन्हा म्हटला, दुप्पट मोठ्याने. अप्पांनी बाहेरच्या खोलीत बातम्यांचा आवाज कमी केला. सम्यकने सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदाही तोडलं नाही.

"बरोबर आहे तुझं," शेवटी तो म्हणाला. "माझं चुकलं रे."

दुकानाबद्दल त्याचं चुकलंच होतं. बाकी कशाबद्दल चुकलं होतं असं अवधूतला, कितीही शोधलं तरी, सापडत नव्हतं. हेच त्याला फार लागलं. चूक असती तर माफ तरी करता आली असती.

"पुढे जाऊ या का?" सम्यकने विचारलं. "तू पुढे हो. मी काही सांगणार नाही, प्रॉमिस."

ते पुढे निघाले. सम्यक शब्दाला जागला. प्रत्येक वळणावर दोर धरून तो गपचूप उभा राहायचा, अवधूतला सुचेपर्यंत. अवधूतला ते उभं राहणं दिसत होतं. पाहुण्याला आधी जाऊ द्यावं म्हणून दाराशी थांबतात, तसं ते होतं. वर्षभर ज्या 'दोघं' या शब्दाच्या जोरावर दिवस काढले, तो शब्द आता मनात म्हणून पाहिला तर त्याला पुढे रेटता येईना.

एका बंद बोगद्यात तो अडकला. तिन्ही बाजूंना भिंती. पाच मिनिटं गेली, दहा गेली. सम्यक काही बोलला नाही. हेडफोन काढून ठेवावा, काम आहे म्हणावं, असं अवधूतच्या मनात आलं. मग काढून ठेवल्यावर पुढे काय, हेही आलं. रविवारचे साडेअकरा वाजले होते आणि पुढे अख्खा दिवस पडला होता.

"सांग," तो म्हणाला.

"नक्की? अरे, बघ अजून थोडा वेळ..."

"सांग रे."

सम्यक घुटमळला. ही जागा मला नव्हती सापडली, असं तो म्हणाला, आणि हेडफोनमध्ये खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. कुणीतरी अर्ध्या खुर्चीवर बसलं.

"भाऊजी, डावीकडची भिंत कच्ची आहे," नम्रता म्हणाली. तिचा आवाज अगदी जपून आला. "कंदील तिच्याजवळ धरा आणि जरा थांबा."

अवधूतने कंदील धरला. भिंतीतून माती गळायला लागली, मग एक दगड निसटला, मग अख्खी भिंत खाली बसली. पलीकडे जमिनीखाली एक प्रचंड तळं होतं. त्याचं पाणी हिरवं होतं आणि स्वतःच उजळलेलं होतं, आणि छतापासून काठापर्यंत सगळीकडे त्याचा उजेड हलत होता. पलीकडे शिवडीत दोघांनी श्वास रोखून धरला होता. तो काय म्हणतो याची ती दोघं वाट पाहत होती.

"छान आहे," अवधूत म्हणाला.

ते तळं पहिल्यांदा पाहणारा तिघांत तो एकटाच होता.