भोपळी आणि जाड सुई

गळ्याची शपथ घेऊन सांगते, यातला शब्द न् शब्द खरा आहे. ज्याला थाप वाटेल त्याने आत्ताच उठावं, मागून कुरकुर चालायची नाही.

तर एक होती कंडक्टरबाई. उभा जन्म बसमध्ये गेला. आवाज असा, की तिने स्वयंपाकघरात "पुढे सरका" म्हटलं की शेजारच्या घरातली माणसं भिंतीला जाऊन चिकटायची. निवृत्त झाल्यावर हात शिवशिवायला लागले, म्हणून मोबाईलवर जरीकामाचा क्लास लावला. दोन बुटक्या स्टुलांवर लाकडी चौकट आडवी ठेवलेली, चौकटीत ताणून बसवलेली मखमल, आणि वर दांडीला टांगलेला मोबाईल, खाली डोकावणारा. मोबाईलमध्ये शिकवणाऱ्या ताई आणि शिकणाऱ्या बायका. त्यांना हिचे हात दिसायचे, हिला त्यांचे.

लेक कामावर जाताना रोज बजावायची, "आई, सुया आणि पोर एका खोलीत नकोत."

"तुला काय मी बसच्या टपावर वाढवली?" कंडक्टरबाई म्हणायची.

पोर म्हणजे नात. गोल गरगरीत, म्हणून भोपळी. नुकती रांगायला लागलेली, हाताला लागेल ते आधी तोंडात. क्लासच्या वेळी ती आतल्या खोलीत झोपायची आणि दार लोटलेलं असायचं.

त्या दुपारी सोनेरी पान भरायचं चाललं होतं. जरीची जाड तार कापडावर ठेवायची आणि बारीक दोऱ्याने टाक्याटाक्याला बांधत जायची. ही तार साध्या दोऱ्यासारखी कापडातून ओढत राहिलं तर सोलवटते. फक्त पानाच्या टोकाशी तिचं शेपूट मोठ्या नेढ्याच्या जाड सुईत घालायचं आणि मागच्या बाजूला ओढून घ्यायचं. कंडक्टरबाईने सुई खाली खुपसली आणि तेवढ्यात दारावरची घंटा वाजली. कुणाचं तरी पार्सल चुकून हिच्याकडे आलं होतं. त्या माणसाला वरच्या मजल्यावर पिटाळून ती परत आली, तर भोपळी चौकटीखाली बसलेली. तोंड हलत होतं. ओठावर काहीतरी सोनेरी चमकत होतं.

कंडक्टरबाईने धाव घेतली. पाय धरून पोरीला बाहेर ओढलं, तोंडात बोट घातलं. जरीचा एक तुकडा निघाला, नखाएवढा, पेनातल्या स्प्रिंगसारखा.

"अजून काय खाल्लंस गं? सांग ना आजीला."

भोपळी खुदकन हसली.

मग बाईची नजर सुया खोचायच्या उशीवर गेली. बारीक सुया जागच्या जागी होत्या. जाड सुई नव्हती.

काळीज असं धडधडायला लागलं, की मोबाईलमधली एक बाई म्हणाली, "कुणाकडे बोअर मारताहेत का? जरा आवाज बंद करा ना." आणि ज्या आवाजाने अख्खी बस मागून पुढे सरकायची, तो आवाज सुतासारखा बारीक झाला.

"ताई, माझी जाड सुई सापडत नाहीये. पोरीने गिळली वाटतं."

सगळे हात थांबले. शिकणाऱ्यांत एक दातांची डॉक्टरीण होती. ती म्हणाली, "तिला मोबाईलसमोर आणा. जिभेखाली दाखवा. रक्त आहे? लाळ गळतेय?"

"लाळ तर जन्मल्यापासून गळतेय हो."

"पाणी देऊ नका, खायलाही काही देऊ नका. मी दातांची आहे, पोटाची नाही. सुई आत्ता सापडली तर ठीक, नाहीतर तडक दवाखाना."

कंडक्टरबाईने सतरंजी झटकली. कपाटाखाली बघितलं. मग भोपळीला एका काखेत धरून दुसरा तळहात फरशीवर फिरवायला लागली. टोचू दे, रक्त येऊ दे, म्हणत होती, पण इथेच असू दे. फरशी गुळगुळीत, गार. कुठे काही टोचेना. लेकीला काय सांगायचं, फोनवर सांगायचं की ती आल्यावर, की दवाखान्यातून, याच्यापुढे डोकं चालेना. भोपळीने उचकी दिली तर हिचाच श्वास अडकला.

चप्पल पायात घातली, पर्स घेतली, आणि मोबाईल काढायला हात वर केला, तर ताई म्हणाल्या, "थांबा. पानाचं टोक मागे ओढलंत का?"

"आठवत नाही."

"मग चौकट उलटी करून दाखवा."

एवढ्या घाईतसुद्धा तिचा हात क्षणभर अडला. मागच्या बाजूला गाठींचं जंगल होतं, ते तिने आजवर कुणाला दाखवलं नव्हतं. मग तिने डोळे मिटले आणि चौकट उचलली.

"अहो, ही काय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "लटकतेय की."

जरीच्या शेपटाला लोंबत होती, टोक खाली करून. बाई फरशी चाचपत होती. कापडाला मागची बाजू असते हे नवशिक्याच्या ध्यानातच येत नाही.

मोबाईलमध्ये हशा पिकला. ताई म्हणाल्या, "गाठींबद्दल पुढच्या वेळी बोलू आपण."

कंडक्टरबाईने चौकट होती तशी स्टुलांवर ठेवली आणि खाली वाकून बघितलं. सुई अजून हलत होती. जिथून भोपळीला ओढलं होतं, तिथे तिचं डोकं होतं, त्याच्या बोटभर वर. आजीने नुसती हाक मारली असती तर पोरीने वर बघितलं असतं.

संध्याकाळी लेक आली. कंडक्टरबाईने काही लपवलं नाही, सगळं सांगितलं, लेकीला खाली बसवून सुई कुठवर येत होती तेही दाखवलं. लेकीने भोपळीला उचललं, उजेडात नेलं, आधी एक डोळा बघितला, मग दुसरा. आणि मग दोघी मायलेकी एकमेकींच्या गळ्यात पडून पोट दुखेपर्यंत हसल्या.

बरं, ते हसण्याचं मी पदरचं घातलं. कुणी हसलं नाही. लेक नुसती म्हणाली, "आई, तू बस जरा," आणि कंडक्टरबाईने आधी ती सुई काढून उशीत खोचली, मग बसली.