वाफेवरचे झिंगे

पोरगी बघायचा कार्यक्रम आणि तो हॉटेलात! ऐकूनच दैवशालाबाईंना धडकी भरली. घरी कसं, पोहे आपले, घर आपलं, पोरीला कुठं बसवायचं तेही आपल्याच हातात. पण नवऱ्या मुलानं, हरिओमनं फोनवर सांगितलं, "काकू, उगी तुम्हाला त्रास कशाला? जालन्यातच भेटू, जेवू, बोलू." बियाण्याच्या कंपनीत साहेब असलेलं एकुलतं एक पोरगं, त्याला न्हाई कोण म्हणणार? दैवशालाबाई आणि त्यांचे मालक काकासाहेब, लेक साक्षीला घेऊन घनसावंगीहून निघाले ते ठरल्या वेळेच्या अर्धा तास आधीच हॉटेलात येऊन बसले.

बाईंच्या धास्तीला कारण होतं. दीड वर्षामागं कुंभार पिंपळगावचे पाहुणे बघायला आल्ते आणि ऐन वेळेला साक्षीच्या गळ्यावर लालभडक गांधी उठल्या. सकाळीच ती मावशीकडं सुकटीची चटणी-भाकर खाऊन आल्ती, पण त्याचा विचार कोण करतो? पित्त उठलं म्हणून घरच्यांनी आमसूल लावलं, तासाभरात उतरलं बी. पण पाहुण्यांनी चहा अर्धा ठेवला आणि आठ दिवसांत सगळीकडं करून टाकलं, की काकासाहेबांच्या पोरीला कातड्याचा रोग हाय. जळो त्यांचं तोंड! एमएस्सी झालेली, नाकीडोळी नीटस पोरगी, पण त्यानंतर तिला विचारायला कोणी फिरकलं न्हाई. दैवशालाबाईंनी त्या दिवसापासून एकच धसका घेतला होता. हे स्थळ हातचं जाऊ द्यायचं न्हाई, मग काहीही होवो.

हरिओम आईला घेऊन आला. गिरिजाबाई मूळच्या आष्टीच्या, बोलायला मोकळ्या. आल्या आल्या साक्षीला शेजारी बसवून घेतलं. हरिओमनं मेनूकार्ड उघडलं.

"सुरुवातीला हलकं कायतरी घेऊ. प्रॉन डंपलिंग घेऊ का? आत झिंगे असतात, वाफेवर शिजवलेले. तेल न्हाई, तिखट न्हाई. चालतं ना तुम्हाला?"

"चालतं की! मटण खातो तर याला काय झालं?" काकासाहेब म्हणाले. झिंगा त्यांनी उभ्या जन्मात बघितला नव्हता.

बांबूची टोपली आली. झाकण काढलं तर आत पांढरीशिप्पट, चुण्या पडलेली, मोदकाच्या तोंडाची सहा. गिरिजाबाईंनी आधी साक्षीच्या ताटलीत दोन ठेवली. आणि होणाऱ्या सासूनं आपल्या हातानं वाढलेलं पोरीनं टाकायचं नसतं, हे आमच्याकडं पाळण्यातल्या लेकराला बी ठाऊक. साक्षीनं एक खाल्लं. छान हाय म्हणाली. पाच मिनिटं झाली नसतील तर तिचा हात गळ्याशी गेला. तिनं हळूच खाजवलं तशा दैवशालाबाई खुर्ची सारून उठल्या.

"हात धुऊन येतो आम्ही," असं म्हणून त्यांनी लेकीला जवळजवळ ओढतच बाथरूममध्ये नेलं. आरशासमोर बघितलं तर काय, गळाभर गांधी!

"आलं मेलं परत! आजच यायचं होतं का याला?"

"आई, ओठ जड पडून राह्यलेत. घशात कसंतरी होतंय. श्वास लागतोय गं."

"घाबरल्यावर होतं तसं. तुझ्या बापानं मला बघितलं तवा मला बी झाल्तं." बाईंनी तिच्या गळ्याला पाणी लावलं, ओढणी गच्च वर घेतली, आपल्या पदराची पिन काढून तिला लावली. "अर्धा तास कळ काढ माझे माय. घरी गेल्याबरोबर आमसूल लावते. परत एकदा बोभाटा झाला तर तुला जन्मभर कोणी विचारायचं न्हाई."

साक्षीनं मान हलवली. गुणाची पोर, आईच्या शब्दाबाहेर कधी गेली नव्हती. तेवढं एकदा जायला पाहिजे होतं.

परत येऊन बसली तसं हरिओमनं विचारलं, "बरं वाटत न्हाई का? तुमचा आवाज बसल्यासारखा येतोय."

"एसीची सवय न्हाई तिला," दैवशालाबाई तिच्याआधीच बोलल्या.

"मंग ते दुसरं गरम हाय तवर खाऊन घे बाई, घशाला बरं वाटंल," गिरिजाबाई म्हणाल्या.

साक्षीनं आईकडं बघितलं. तिचे डोळे सुजल्यासारखे झाल्ते, त्यात पाणी होतं. दैवशालाबाईंना ते स्पष्ट दिसलं. आणि त्यांनी डोळ्यांनीच सांगितलं, खा.

तिनं ते खाल्लं. काकासाहेब कापसाच्या गोष्टी काढून बसले होते, ते अर्ध्यावर असतानाच साक्षी टेबलावर कलंडली. ओठ निळे, छातीत शिट्टी वाजावी तसा आवाज. हरिओमनं तिला उचललं, गाडीत घातलं, जवळच्या दवाखान्यात पळवलं.

"कधीपासून होतंय हे?" डॉक्टरीण हात चालवता चालवता ओरडली.

गिरिजाबाईंचा हात दैवशालाबाईंच्या खांद्यावर होता. "आत्ताच," दैवशालाबाई म्हणाल्या. "एकदमच झालं."

इंजेक्शनं झाली, नळी घातली. साक्षी तासाभरात गेली. झिंग्याचं वावडं होतं, मग तो ताजा असो की सुकटीतला वाळलेला, डॉक्टरीण म्हणाली. काही जणांना असतं, पहिली खाज सुटली की लगेच आणावं लागतं.

दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी गिरिजाबाई घनसावंगीला भेटायला आल्या. दारातच मटकन खाली बसल्या.

"मीच मारलं हो पोरीला! माझ्या हातानं वाढलं. दुसरं बी मीच खा म्हणले. हरिओम म्हणतो, मी ते मागवलंच कशाला. तो घास खाईना झालाय." त्यांनी पदर तोंडाला लावला. "आम्ही होकार घेऊनच आल्तो. साडी माझ्या पिशवीत होती. पिंपळगावच्यांनी उठवलेलं सगळं आमच्या कानावर आल्तं, पण मी म्हणले, अंगावर पित्त कोणाच्या उठत न्हाई? पोरगी चांगली हाय, बस."

दैवशालाबाई भिंतीला टेकून ऐकत होत्या. गप्प बसल्या असत्या तर कोणाला काही कळलं नसतं. ही बाई आणि तिचा लेक जन्मभर स्वतःलाच दोष देत राहिले असते.

"विहीणबाई, तुम्ही न्हाई," त्या म्हणाल्या. "श्वास लागतोय म्हणून तिनं मला बाथरूममध्ये सांगितल्तं. मी गळ्याला ओढणी आवळली, पिन लावली आणि आणून बसवली. ते दुसरं बी तिनं मला विचारून खाल्लं."

गिरिजाबाईंचं रडणं थांबलं. काकासाहेब पाहुण्यांसाठी पाण्याचा तांब्या घेऊन आल्ते, ते दारातच उभे राहिले. त्यांना हे काहीच ठाऊक नव्हतं. त्यांनी तांब्या खाली ठेवला आणि चपला न घालताच बाहेर गेले. संध्याकाळी परत आले, पण त्या दिवसापासून बायकोच्या हातचं पाणी त्यांनी घेतलं न्हाई.